शेवटचे नऊ सेकंद: टाइमआउट घ्यावा की खेळ चालू ठेवावा?

बास्केटबॉलच्या सामन्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरचे नऊ-दहा सेकंद उरले आहेत, प्रतिस्पर्ध्याने नुकतीच बास्केट करून एका गुणाची आघाडी घेतली आहे, चेंडू आता आपला आहे आणि आपल्याकडे एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून बोलायला मिळणारे एक मिनिट, शिल्लक आहे. तो घ्यावा, की मुलांना तसेच पळू द्यावे? शहाद्याच्या एका तरुण क्रीडाशिक्षकाने मला गेल्या महिन्यात फोनवर हा प्रश्न विचारला. तेव्हा दिलेले उत्तर घाईचे होते, म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. भुसावळला मी १७ वर्षांखालील मुलींचा संघ बरीच वर्षे सांभाळतो आहे आणि या दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे. माझा कल एका बाजूला आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना ते लक्षात राहील.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पहाटे उठून एनबीएचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे) सामने पाहणारी मुले आणि त्यांचे पालक तो हमखास घेऊन येतात. एनबीएमध्ये चेंडू हातात असलेला खेळाडू खेळ चालू असतानाच टाइमआउट मागू शकतो. आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळले जाते, आणि तिथे टाइमआउट मागण्याचा अधिकार प्रशिक्षकाला किंवा सहायक प्रशिक्षकाला असतो. मागणी कडेला गुण आणि घड्याळ सांभाळणाऱ्या टेबलाकडे करायची असते आणि ती मंजूर होते ती खेळ थांबलेला असताना, किंवा समोरच्याने मैदानी बास्केट केल्यावर. बास्केट झाल्यावरची ही संधीही फार वेळ उघडी राहत नाही. आपल्या खेळाडूने चेंडू घेऊन अंतिम रेषेबाहेर पाय टाकला आणि चेंडू थ्रो-इनसाठी, म्हणजे रेषेबाहेरून आत टाकण्यासाठी, तिच्या ताब्यात आला, की दार बंद होते. त्यामुळे हा निर्णय प्रत्यक्षात एक-दोन सेकंदांत घ्यावा लागतो. बरेच प्रशिक्षक तर प्रतिस्पर्धी चढाई करत असतानाच टेबलाला सांगून ठेवतात की, त्यांची बास्केट झाली तर आम्हाला टाइमआउट द्या. थोडक्यात, विचार घरूनच करून यावा लागतो.

टाइमआउटची बाजू दुबळी नाही. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला, की थ्रो-इन आपल्या मागच्या अर्ध्यातून करायचा की थेट पुढच्या अर्ध्यातल्या थ्रो-इन रेषेवरून, हे ठरवण्याचा हक्क प्रशिक्षकाला मिळतो. २८ मीटरच्या कोर्टाचा अर्ध्याहून अधिक भाग एकाही सेकंदाचा खर्च न होता मागे पडतो, ही सवलत मोठी आहे. शिवाय दमलेली मुलगी बसवता येते, तीन गुणांची फेक ज्यांना साधते त्यांना आत घेता येते, आणि कोणी कोणाला चेंडू द्यायचा हे सर्वांना एकदा मोठ्याने सांगता येते.

अशा टाइमआउटचे सोने झालेले दोन प्रसंग बास्केटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांना पाठ आहेत. २८ मार्च १९९२ रोजी फिलाडेल्फियात महाविद्यालयीन सामन्यात केंटकीने बास्केट करून ड्यूकवर १०३-१०२ अशी आघाडी घेतली तेव्हा २.१ सेकंद उरले होते. ड्यूकने टाइमआउट घेतला, ग्रँट हिलने अंतिम रेषेवरून जवळजवळ संपूर्ण कोर्ट ओलांडणारा पास टाकला, ख्रिश्चन लेटनरने तो फ्री थ्रो रेषेजवळ पकडला, वळला आणि सामना १०४-१०३ असा संपवला. दुसरा प्रसंग १२ मे २०१९ चा, टोरंटोतल्या एनबीए सामन्याचा. फिलाडेल्फियाच्या जिमी बटलरने ९०-९० अशी बरोबरी केली, ४.२ सेकंद उरले, टोरंटोने टाइमआउट घेतला आणि कवाय लेनर्डची कोपऱ्यातून केलेली फेक कड्यावर चार वेळा उसळून आत पडली. दोन्ही वेळा प्रसंग आपल्या प्रश्नासारखाच होता, म्हणजे समोरच्याने नुकतीच बास्केट केलेली होती. मात्र दोन्ही वेळा घड्याळात पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ होता, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

पुढच्या अर्ध्यात चेंडू नेण्याच्या सवलतीबद्दल एक बारकावा सांगून ठेवतो, कारण त्यात अनुभवी माणसेही चुकताना मी पाहिली आहेत. बास्केट झाल्यावर आपल्याला पूर्ण २४ सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे फेक करण्याची मुदत, मिळतो; पण टाइमआउट घेऊन थ्रो-इन पुढच्या अर्ध्यातून मागितला, तर तो १४ सेकंदांवर येतो. सामन्याचे नऊ सेकंदच उरले असतील तर याने काही बिघडत नाही. वीस सेकंद उरले असतील, तर मात्र शेवटची फेक आपलीच राहील अशी खात्री उरत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला सहाएक सेकंद परत मिळतात. अशा वेळी टाइमआउट घेतलाच, तर मी मागच्या अर्ध्यातूनच सुरुवात करेन.

आता ज्या एका गोष्टीने माझे मत फिरवले, तिच्याकडे येतो. जळगावला जिल्हा स्पर्धेचा सामना होता. ऑक्टोबरचे ऊन, दुपारची वेळ, पायाखाली तापलेले सिमेंट. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि त्यांच्या उंच मुलीने चुकलेल्या फेकीच्या रिबाउंडवरून बास्केट करून आम्हाला एका गुणाने मागे टाकले. घड्याळात नऊ सेकंद. आमच्या सेंटरने (बास्केटजवळ खेळणाऱ्या मुलीने) जाळीतून पडलेला चेंडू जमिनीवर टेकण्याआधीच झेलला होता, ती रेषेकडे वळत होती आणि चेंडू पुढे नेणारी पॉइंट गार्ड उजव्या बाजूला पास घ्यायला सरकली होती. मी तोवर टेबलाशी पोहोचून दोन्ही हातांनी टाइमआउटची खूण केली होती. भोंगा वाजला, पंचांनी शिटी मारली आणि सगळे थांबले.

पुढच्या मिनिटात मी माझ्या पाच मुलींशी बोललो, पाटीवर मार्करने आकृती काढली, समोर मॅन टू मॅन (प्रत्येकीने एकेकीला धरण्याचा) बचाव असेल असे धरून दोन स्क्रीन (बचाव करणारीला अडवणाऱ्या भिंती) लावल्या आणि फेक कोणी करायची ते ठरवले. बोलता बोलता माझी नजर पलीकडच्या बाकाकडे गेली. तिथले प्रशिक्षक शांतपणे आपल्या मुलींना हाताने जागा दाखवत होते. चार फाउल झालेली त्यांची मुलगी त्यांनी खाली बसवली आणि एक ताजी, लांब हातांची मुलगी उभी केली. नुकतीच बास्केट करणारी मुलगी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती, तिला पाणी मिळाले, श्वास मिळाला. पन्नास सेकंदांचा इशारा वाजला आणि आम्ही कोर्टावर परतलो, तर समोर दोन-तीनचा झोन, म्हणजे पुढे दोघी आणि मागे तिघी अशा जागा वाटून घेतलेला बचाव, उभा होता. माझ्या आकृतीत ज्यांना अडवायचे होते त्या मुली त्या जागी नव्हत्याच. थ्रो-इनचे पाच सेकंद संपत आले तेव्हा कसाबसा कोपऱ्यात पास गेला, तिथून फेक झाली, ती कड्यालाही लागली नाही. आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या एसटीत पॉइंट गार्ड माझ्या पुढच्या सीटवर होती. नशिराबाद मागे पडेपर्यंत ती काही बोलली नाही. मग मागे वळून म्हणाली, “सर, शिटी वाजली तेव्हा आपली विंग पुढे एकटीच होती. मी तिलाच बघत होते.” विंग म्हणजे कडेने धावणारी खेळाडू. तक्रारीचा सूर नव्हता, तिने दिसलेले सांगितले. मी डोळ्यांपुढे ते दृश्य परत आणून पाहिले आणि तिचे म्हणणे खरे होते. बास्केट करण्यासाठी त्यांच्या चार मुली आमच्या बास्केटखाली गोळा झाल्या होत्या, पलीकडचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा होता आणि तो मीच माझ्या हाताने भरू दिला.

त्या रात्री मी नियमपुस्तिका पुन्हा काढून वाचली. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबते. पण ज्या संघाने बास्केट केली त्याला, पंचांनी दुसऱ्या कारणाने खेळ थांबवला नसेल तर, टाइमआउट मिळत नाही. त्या क्षणी खेळाडू बदलण्याची संधीही त्याला आपणहून मिळत नाही. आपण खेळ अडवला तरच ती उघडते. नियमाने प्रतिस्पर्ध्याचे हात त्या घडीला बांधून ठेवलेले असतात. त्यांना बचाव लावायचा असतो, फाउल झालेली मुलगी काढायची असते, झोन की मॅन टू मॅन हे ठरवायचे असते, आणि यातले काहीच त्यांना करता येत नाही. हे सगळे करायला त्यांना एक पूर्ण मिनिट मिळण्याचा त्या क्षणीचा जवळजवळ एकच मार्ग आहे, तो म्हणजे माझा टाइमआउट. मी माझ्या संघासाठी मागितलेले मिनिट समोरच्यांपुढे ताट वाढून ठेवल्यासारखे होते. टाइमआउटच्या बाकीच्या अडचणी मला चालवून घेता येतात. पाणी पिण्यात वीस सेकंद जातात, एखादी मुलगी पाटी उलट्या बाजूने पाहून डावा कोपरा उजवा समजते, कोणी पालक मागून सूचना ओरडतात. यावर उपाय आहेत. प्रतिस्पर्ध्याला आपण दिलेल्या मिनिटावर उपाय नाही, आणि हीच एक गोष्ट मला तेव्हापासून खुपत राहिली आहे.

समोरच्यांना विचार करायला वेळ मिळाला नाही तर काय होते, याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण ७ एप्रिल २००८ चे आहे. सॅन अँटोनिओत अमेरिकी महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मेम्फिसच्या डेरिक रोझने दोनपैकी एक फ्री थ्रो टाकून आघाडी ६३-६० अशी तीन गुणांची केली, तेव्हा १०.८ सेकंद उरले होते. कॅन्सस न थांबता तसेच पुढे आले. शेरॉन कॉलिन्सने चेंडू आणला, तो अडखळला, तरी त्याने चेंडू मारिओ चामर्सकडे दिला आणि २.१ सेकंद असताना चामर्सची तीन गुणांची फेक आत गेली. तीन गुणांची फेक होण्याआधीच फाउल करण्याचा बेत होता, असे मेम्फिसचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी नंतर सांगितले. बेत होता, पण धावपळीत तो अमलात आला नाही. अतिरिक्त वेळेत कॅन्सस ७५-६८ असे जिंकले. मध्ये एक मिनिट थांबून पाचही जणांना “फाउल करा” असे पुन्हा बजावले गेले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती की नाही हे ठामपणे कोणी सांगू शकणार नाही. मला मात्र ती वेगळी झाली असती असे वाटते.

पुढच्या हंगामात धुळ्याला माझ्यावर तीच वेळ आली. पुन्हा एका गुणाने मागे, घड्याळात आठ सेकंद, आणि त्यांची बास्केट नुकतीच झालेली. या वेळी मी टेबलाकडे गेलो नाही. बाकावर बसून राहिलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण सवयीने ते वर जातील अशी मला भीती होती. सेंटरने चेंडू बाहेर नेला, तिच्यासमोर एक मुलगी उड्या मारत आली तशी ती रेषेमागून चार पावले डावीकडे पळाली आणि तिथून पास टाकला. बास्केट झाल्यानंतरच्या थ्रो-इनमध्ये अशी रेषेमागे पळण्याची मुभा असते. टाइमआउटनंतर पुढच्या अर्ध्यात थ्रो-इन नेला तर ती राहत नाही, एका जागी उभे राहूनच पास द्यावा लागतो. पॉइंट गार्डने चार-पाच ड्रिबलमध्ये मध्यरेषा ओलांडली, विंगला चेंडू दिला, विंग लेअपला, म्हणजे बास्केटजवळून चेंडू टाकायला, उठली आणि तिच्यावर फाउल झाला. दोन सेकंद शिल्लक होते. पहिला फ्री थ्रो चुकला, दुसरा गेला, अतिरिक्त पाच मिनिटे खेळलो आणि त्यात हरलो.

हरलो तरी माझे मत बदलले नाही, हे मुद्दाम सांगतो. जळगावला आमच्या हाती एक ओढूनताणून केलेली फेक लागली होती. धुळ्याला दोन फ्री थ्रो लागले. मी कसली मोजदाद ठेवलेली नाही आणि दोन सामन्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. पण कोर्टाच्या कडेला बसून इतकी वर्षे जे पाहिले, त्यात बास्केट झाल्याबरोबर पळालेल्या संघाला चांगली फेक मिळताना मी अधिक वेळा पाहिले आहे, आणि लांब चर्चा करून परत आलेल्या संघाला वाईट फेक घ्यावी लागताना अधिक वेळा पाहिले आहे.

माझ्या बाजूविरुद्ध दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, मुले घाबरतात. न सांगता सोडले तर जिला चेंडू मिळेल ती तिथूनच फेकून मोकळी होते. ज्या संघाने या प्रसंगाचा सराव केलेला नाही, त्याच्या बाबतीत हे अगदी खरे आहे आणि अशा संघाने टाइमआउट घ्यावा. दुसरा आक्षेप घड्याळाचा आहे. आपल्याकडे जिल्हा पातळीवर अनेक ठिकाणी अजून हातातल्या स्टॉपवॉचवर काम चालते आणि शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबवायचे असते, हे टेबलावरच्या उत्साही विद्यार्थ्याच्या लक्षात राहतेच असे नाही. आपण पळायला लागलो आणि घड्याळ थांबलेच नव्हते असे नंतर कळले, तर दाद कुठे मागणार? टेबलाच्या गोंधळाने ऑलिम्पिकचा अंतिम सामनासुद्धा सोडलेला नाही. १९७२ मध्ये म्युनिकला अमेरिका ५०-४९ अशी पुढे असताना सोव्हिएत संघाच्या टाइमआउटच्या मागणीवरून आणि घड्याळावरून वाद झाला, शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले, आणि इव्हान येदेश्कोच्या लांब पासवर अलेक्सांद्र बेलोव्हने बास्केट करून सामना ५१-५० असा फिरवला. म्हणून घड्याळाबद्दल जराही शंका असेल, तर टाइमआउट घ्यावा आणि पंचांना किती सेकंद उरले ते मोठ्याने विचारून घ्यावे. तिथे माझा कल बाजूला ठेवायला मी तयार आहे.

आणखी काही वेळा मी स्वतः अजूनही टाइमआउट घेतो. पाच सेकंदांच्या आत वेळ असेल, तर संपूर्ण कोर्ट पळून चांगली फेक मिळत नाही, तिथे पुढच्या अर्ध्यातला थ्रो-इन हवाच. पॉइंट गार्ड पाच फाउल होऊन बाहेर गेली असेल आणि चेंडू आणायला भरवशाचे कोणी नसेल, तरीही घेतो. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला असेल किंवा फाउलने खेळ थांबला असेल, तर माझा वरचा मुद्दा लागूच पडत नाही, कारण तिथे टाइमआउट प्रतिस्पर्ध्यालाही मागता येतो. प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा फ्री थ्रो आत गेल्यावरही तसेच. ती संधी दोघांनाही असते. पाच ते सात सेकंदांच्या मधल्या पट्टीत मला आजही ठाम सांगता येत नाही. तिथे संघ पाहून ठरवावे. सातच्या वर असेल आणि बास्केट नुकतीच झाली असेल, तर खेळ चालू ठेवावा असे मी शहाद्याच्या त्या मित्राला सांगेन.

त्यासाठी शिल्लक टाइमआउट वाया घालवायचा असेही नाही. दुसऱ्या सत्रात, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मिळून, तीन टाइमआउट मिळतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. तिन्ही राखून ठेवले तर एक बुडतो. तो बुडू न देता मी अडीच मिनिटे उरली असताना, संधी मिळताच घेतो आणि शेवटच्या सेकंदांत काय करायचे ते त्यातच सांगून टाकतो: त्यांची बास्केट झाली तर माझ्याकडे पाहायचे नाही, शिटी ऐकू आली नाही तर पळायचे, सेंटरने चेंडू जाळीतूनच झेलायचा, पॉइंट गार्डने उजवीकडे यायचे आणि लांबच्या विंगने मागे वळून न पाहता सरळ पलीकडचा कोपरा गाठायचा. प्रतिस्पर्ध्यांनाही ते मिनिट मिळते हे खरे, पण पुढे काय होणार हे त्या वेळी त्यांना ठाऊक नसते, आणि माझ्या मुलींना ठाऊक असते.

सरावात हे रोज शेवटी करून घेतो. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर मुली दमलेल्या असतात, तेव्हाच ते करायचे. मी स्वतः चेंडू बास्केटमध्ये टाकतो, स्टॉपवॉच आठ सेकंदांवर लावतो, आणि चेंडू कोर्टावरच्या पहिल्या हाताला लागला की दाबतो. बचावाला मुद्दाम सहा मुली ठेवतो. सुरुवातीला आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडेही नीट जात नसे. आता दहापैकी पाच-सहा वेळा कड्याजवळून फेक होते, आणि सेंटर चेंडू जाळीखाली हात धरून झेलते, जमिनीवर पडू देत नाही.